ससाण्याचं जुनं चित्र: चिनी मातीच्या ताटलीवर की काचेच्या?

एकोणिसाव्या शतकातली शिकारी पक्ष्यांची चित्रं ताटलीवर उतरवायचे दोन मार्ग आहेत: भट्टीत भाजायचा डिकॅल (पातळ फिल्मवर छापलेलं, पाण्यात भिजवून ताटलीवर उतरवायचं चित्र), किंवा काचेच्या पाठीमागून चिकटवलेला छापील कागद. स्कॅन दोन्हीला चांगलाच हवा. २० सेंटीमीटर रुंद चित्राला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) रुंदीत सुमारे २,३६० पिक्सेल लागतात. त्याहून कमी असले तर पिसांमधल्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात आणि ससाणा कबुतरासारखा दिसू लागतो.

डिकॅल कोमट पाण्यात मिनिटभर भिजवून ताटलीवर सरकवायचा आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढायचं. खरी गोम इथेच आहे. खाली पाण्याचा थेंब राहिला तर भाजताना बुडबुडा फुटतो आणि नेमका डोळ्यापाशी पांढरा ठिपका उरतो. म्हणून दिवसभर वाळवून मगच साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजावं. डिकॅल छापताना लोहयुक्त टोनर (लेझर प्रिंटरची पूड) वापरला तर तो तपकिरी एकरंगी छाप देतो; कोरीव चित्राला तो रंगीतपेक्षा शोभतो.

काचेचं काम घरच्या घरी होतं. लेझर प्रिंट घ्या, इंकजेटची शाई गोंदात पसरते. चित्राच्या बाजूला गोंद लावून कागद काचेच्या पाठीला चिकटवा, वाळल्यावर मागून वार्निशचे तीन हात द्या. कडा मात्र नीट बंद करा, ओल तिथूनच शिरते. ही ताटली पाण्यात बुडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

रोज हाताळायची असेल तर डिकॅलच. भिंतीवर टांगायला काच पुरे, आणि खोल रंग हवे असतील तर काचच सरस.