हंपीत विठोबाच्या नावाने ‘स्पेशल परवाना’ विकतायत, घेऊ नका

आधी आकडा सांगते, कारण ऐकणारा पहिल्यांदा तेच विचारतो. १५,६०० रुपये. त्यातले २,५०० रोख आणि १३,१०० यूपीआयने, दोन वेळेला मिळून: ८,१०० आणि ५,०००. हंपीच्या ज्या विठ्ठल मंदिरासाठी हे पैसे गेले त्याचं खरं तिकीट माणशी ४० रुपये आहे. आम्ही पाच मोठी माणसं आणि दहा वर्षांचा पुतण्या. पंधराच्या आतल्या मुलांना तिकीट लागत नाही. म्हणजे आमचे व्हायला हवे होते २०० रुपये.

हे लिहू नकोस असं घरातूनच मला सांगितलं गेलं. शिकलेली माणसं फसली म्हणून लोक नावं ठेवतील म्हणे. ठेवू देत. मिरजेला हरिप्रिया एक्स्प्रेस धरून हंपीजवळच्या होस्पेटला उतरणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत, आणि थंडी पडली की हंपीत मराठी माणसांची रीघ लागते. आम्हाला फसवणाऱ्या माणसाला हे पक्कं ठाऊक आहे. मराठी बोलण्यावरच त्याचा धंदा चालतो.

विरूपाक्ष मंदिराच्या गोपुराबाहेर तो भेटला. चाळिशीतला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र. “सांगली-मिरजेकडचे काय? बोलण्यावरनंच ओळखलं बघा. मी बेळगावचा.” खरोखर कुठला होता देव जाणे. पण परक्या गावात चहूकडे कन्नड ऐकल्यावर आपल्या भाषेत कुणी ‘वहिनी’ म्हटलं की माणूस सैल पडतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मार्गदर्शनाचे २,५०० ठरले. ते त्याने सुरुवातीलाच रोख घेतले.

आणि माहिती त्याला होती. उगाच कशाला खोटं बोलू? विरूपाक्षाच्या मागच्या अंगाला अंधाऱ्या खोलीत भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, ती त्याने नीट दाखवली आणि भिंतीतल्या बारक्या छिद्रामुळे ती कशी पडते हेही समजावलं. हेमकूट टेकडीवरची जुनी देवळं दाखवली. लक्ष्मीनरसिंहाची मूर्ती १५२८ सालची, कृष्णदेवरायाच्या काळातली, एकाच शिळेत कोरलेली, जवळजवळ सात मीटर उंच, हे सगळं बिनचूक सांगितलं. शेजारचं मोठं शिवलिंग, बडवीलिंग, दाखवलं. यातल्या कशालाच तिकीट नव्हतं, तेही त्याने आपणहून सांगितलं. घरी येऊन मी सगळं पडताळलं, एकही गोष्ट चुकीची नव्हती. म्हणून म्हणते, माहिती बरोबर देतो म्हणजे माणूस खरा, असा हिशेब कुणी मांडू नका. सकाळी खरं बोलत होता ते दुपारच्या खोट्यासाठी.

त्याने धरलं ते सासूबाईंना. सासूबाई माळकरी. पंढरपूरची मूर्ती कृष्णदेवरायाने विजयनगरला नेली आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही परंपरेतली कथा त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. हंपीला यायचं त्यांच्या मनात होतं ते तिथल्या विठ्ठल मंदिराच्या रिकाम्या गाभाऱ्यासाठी. त्यांच्या गळ्यातली माळ बघून तो म्हणाला, “आजी, पांडुरंग जिथं उभा होता तिथं माथा टेकवायचा असेल तर साध्या तिकिटावर होत नाही. साध्या तिकिटावर रथ बघायचा, फोटो काढायचा, परत फिरायचं. गाभाऱ्यात तुळस वाहायची आणि ते सूर निघणारे खांब ऐकायचे तर परवाना लागतो. दिवसाला वीसच माणसं.”

दर त्याने तोंडपाठ सांगितले. मोठ्यांना १,२००, ज्येष्ठांना आणि मुलांना ६००. आम्हा चौघांचे ४,८००, सासूबाई आणि पुतण्याचे १,२००, असे ६,०००. गाभाऱ्यातल्या पूजेचे २,१००. शिवाय मोबाईल-कॅमेऱ्याची अनामत ५,०००, संध्याकाळी परत मिळणार. अनामत परत मिळणार म्हटल्यावर सगळंच सरकारी वाटायला लागतं. पावती पुस्तकातून फाडून दिली: पिवळसर कागद, वर सिंहांची मुद्रा, खाली जांभळा शिक्का. शिक्क्याची शाई इतकी ओली की माझ्या अंगठ्याला लागली. तो शिक्का त्याने पँटच्या खिशातून काढून माझ्या डोळ्यांदेखत मारला होता. कचेरीचा शिक्का माणसाच्या खिशात फिरत नाही.

आणि आता तो क्षण, जो आठवला की मला झोप लागत नाही. क्यूआर कोड त्याच्या मोबाईलवर होता. मी स्कॅन केला, ८,१०० टाकले. पिन टाकायच्या आधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. ते आलं. एका बाईचं नाव, आडनावासकट. कुठला सरकारी विभाग नाही, कचेरी नाही, निधी नाही. माझा अंगठा थांबला होता. मी विचारलंही: “हे कुणाचं नाव येतंय?” विचारलं नाही असं कुणी म्हणू नये. तो क्षणभरही अडखळला नाही. “कॅशियर मॅडम हैत. सरकारी खातं दुपारपर्यंत डाऊन असतंय, वहिनी. लवकर करा, वीसातले चौदा गेले.” सासूबाईंनी तोवर पिशवीतून तुळशीची जुडी काढून हातात धरली होती. मी पिन टाकला. पाठोपाठ ५,००० सुद्धा गेले, त्याच नावावर.

सरकारी पैसा कुणा व्यक्तीच्या नावाच्या खात्यात जात नाही. पडद्यावर माणसाचं नाव दिसलं की मोबाईल खिशात घाला. समोरचा कितीही घाई करू दे.

मला विचारतात, पुरातत्त्वाच्या जागेत पूजा कशी काय पटली? विचारायला सोपं आहे. विठ्ठल मंदिरात पूजाअर्चा नाही, १५६५ ला तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर लुटलं गेलं आणि हा गाभारा आज रिकामा आहे, हे मला माहीत होतं. पण त्याच हंपीत सकाळी विरूपाक्षाची पूजा चालू असलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन अधिकृत आहे. आपल्याकडे देवळादेवळात विशेष दर्शनाच्या पावत्या फाडल्या जातात. मग इथेही तशी सोय असेल असं वाटणं हा मूर्खपणा होत नाही. देशभर देवदर्शनाला दर लावून ठेवलेत म्हणून असल्या चोरांचं खोटं खपतं.

“मी कमलापूरला जाऊन सही आणतो, तुम्ही साडेतीनला विठ्ठल मंदिराच्या दारात या,” म्हणून तो गेला. तिथेच संशय यायला हवा होता, कारण खरा गाईड तुम्हाला अर्ध्यावर सोडून जात नाही. आम्ही बॅटरीच्या गाडीतून दाराशी उतरलो. पहारेकऱ्याने पावती उलटसुलट बघितली, दुसऱ्याला बोलावलं, दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्यातला वयस्कर सासूबाईंना हिंदीत म्हणाला, “माँजी, ऐसा कोई पास नहीं होता. जो खुला है वो सबके लिए खुला है, जो बंद है वो सबके लिए बंद है.” मी फोन लावला. बंद. दीर पार्किंगपर्यंत पळत जाऊन आले. कुणी नाही.

त्या सूर निघणाऱ्या खांबांना हात लावायला पर्यटकांना बंदी आहे. टकटक करून करून झीज होते म्हणून ती घातलीय, आणि तीच बंदी हा माणूस दर लावून विकत होता. आम्ही ४० रुपयांची पाच तिकिटं काढून आत गेलो. क्यूआरने काढलं तर ३५ ला पडतं, पण तेव्हा मोबाईल काढायचीही इच्छा नव्हती. पन्नासच्या नोटेवर छापलेला तो दगडी रथ समोर होता आणि सासूबाई सोडून आमच्यातल्या कुणीही त्याच्याकडे धड बघितलं नाही. हेच तिकीट त्याच दिवशी कमलमहाल, हत्तीखाना असलेल्या जनान्याला आणि कमलापूरच्या संग्रहालयाला चालतं. जपून ठेवा. कुणी त्या जागांसाठी वेगळे पैसे मागितले तर तो लुबाडतोय.

आता पुढचं, जे फसवणुकीपेक्षाही जास्त जिव्हारी लागलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन तिथूनच केला. तक्रार घेतली, नंबर मेसेजवर आला. हे मात्र ताबडतोब करा, गाडीत बसल्यावर नाही, घरी पोचल्यावर नाही, कारण पैसे खात्यातून निघायच्या आत कळवलं तरच ते गोठवता येतात. आमचे तोवर एटीएममधून काढले गेले होते.

मग माझी बँक. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, “पिन तुम्हीच टाकलाय ना?” रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक मी वाचून गेले होते. कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत कळवलं तर ग्राहकावर भार नाही, असं त्यात आहे. पण ते ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना. तुम्ही स्वतः पिन टाकला की तुमची संमती होती, विषय संपला. खोटं बोलून घेतलेली संमती ही कसली संमती? आणि ज्या बाईच्या नावावर पैसे गेले तिचं आधार, पॅन, फोटो, पत्ता सगळं कुठल्या तरी बँकेने घेतलंय ना? साधं जनधन खातं उघडायला गेलेल्या माणसाला हेलपाटे घालायला लावतात, आणि चोराचं खातं मात्र बिनबोभाट चालतं. कोण आहे ती बाई, हे त्यांना एका मिनिटात कळतं. मला सांगत नाहीत. गोपनीयता. माझे पैसे गेले, गोपनीयता तिची.

आमच्याकडच्या पोलीस ठाण्यात तर पहिलं वाक्य: “घटना कर्नाटकात घडलीय, तिकडे जा.” १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. मी कलमाची प्रत टेबलावर ठेवली. साहेबांनी ती वाचलीही नाही. म्हणाले, अर्ज ठेवून जा. पोच मागितली तर म्हणाले, पोच कशाला, आम्ही आहोत ना. सही-शिक्क्याची पोच मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. मी उठले, आणि नंतर गेले तेव्हा अर्ज सापडत नव्हता. मिस्टरांना बाजूला घेऊन तिथल्याच एकाने सांगितलं, “पंधरा हजारांसाठी कशाला डोक्याला ताप, सोडून द्या.” आमच्या घरात पंधरा हजार म्हणजे पुतण्याची वर्षाची फी आहे. आणि रक्कम छोटी म्हणून सोडायची, तर दिवसाला अशी दोन कुटुंबं गाठणाऱ्या माणसाची महिन्याची कमाई किती होते, हा हिशेब त्या ठाण्यात कुणीच करणार नाही का?

एका सरकारी कार्यालयाला पावतीचा फोटो जोडून मेल केली. उत्तर आलं की ही बाब कायदा-सुव्यवस्थेची आहे, पोलिसांशी संपर्क साधावा. पोलीस म्हणतात बँकेकडे जा, बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. मी एवढंच मागितलं होतं की जिथे हे लोक उभे राहतात तिथे एक फलक लावा: तिकीट ४० रुपये, विशेष परवाना अस्तित्वात नाही. कन्नड, इंग्रजी, हिंदी, मराठी, तेलुगू. त्यावर काहीच उत्तर नाही.

ओळखपत्राबद्दल सांगायचं राहिलं. त्या माणसाचं ओळखपत्र दिवसभर उलटंच लटकत होतं, कोरी पाठ बाहेर. गाईड ठरवताना ते हातात घ्या, सुलट करा, फोटो आणि क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्ये काढा. खरा गाईड याला कधी नाही म्हणत नाही. हंपीत मन लावून दाखवणारे परवानाधारक लोक आहेत आणि या चोरामुळे त्यांच्याही पोटावर पाय येतो. पैसे शेवटी द्या. अनामत कुणालाच देऊ नका.

यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक, पावती आणि दुरून निघालेला त्याचा एक फोटो मी सायबर तक्रारीला जोडला आहे. तुमच्याकडे जांभळ्या शिक्क्याची अशीच पिवळी पावती असेल, रक्कम ६०० असली तरी, १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका आणि खात्याचा यूपीआय आयडी अक्षर न् अक्षर तपासून लिहा. एकाच खात्यावर पाच-दहा ठिकाणांहून तक्रारी आल्या तर मग ‘रक्कम छोटी आहे’ असं कुणाला म्हणता येणार नाही.