वेगळं शिकायचं का एकत्र?
आपल्या मराठवाड्यात डॉक्टर एका कॉलेजात, नर्स दुसऱ्या, फार्मसीवाले तिसऱ्याच गावात शिकतेत अन् पहिली भेट थेट वॉर्डात. वेगळं शिकलं की आपला विषय पक्का होतो, टाइमटेबलची कटकट नाही, खरंय. पण इन्सुलिनच्या 10 पुढं डॉक्टरनं घाईत युनिटचा इंग्रजी यू (U) काढला की तो शून्यासारखा दिसतो, 10 चे 100 होतेत, तिथं नर्सची "सर, हे नक्की किती?" म्हणायला जीभ रेटली पाहिजे ना! सोबत केस सोडवलेल्या, चहा पेलेल्यांना ते जड जात नाही. डब्ल्यूएचओनं 2010 लाच सांगितलंय, एकमेकांकडून, एकमेकांसोबत शिका. सगळं नाही जमणार, ॲनाटॉमी (शरीराची रचना) ज्याची त्याची वेगळीच बरी, पण औषधं अन् ड्यूटी बदलताना पेशंट सोपवणं, हे तरी एकत्र शिकवा राव.