विटलेल्या फोर बाय फोरला पुन्हा काळं-लाल करताना: ट्रिम कोटिंगचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी जुनी, इंजिन ठणठणीत, पण बाहेरून पार विटलेली. बोनेट आणि टपाचा लाल रंग गुलाबट पडलेला, बंपर आणि चाकांवरच्या कमानींचं काळं प्लास्टिक, म्हणजे ट्रिम, राखाडी. आता उन्हातून, पावसातून, चिखलातून भरपूर फिरवून झाली आहे, म्हणून लिहितोय. गाडी धुऊन काढलेल्या पहिल्या दिवसाच्या फोटोंवर माझा फारसा विश्वास नाही. त्या दिवशी काहीही लावा, चमकतंच.

आधी पत्र्याचं. कुठेतरी आडबाजूला पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासून बघा. फडक्याला गाडीचाच रंग आला, तर वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर, नाही. माझ्या गाडीला नव्हता, आणि ते पथ्यावरच पडलं: वरचा मेलेला थर कंपाउंडने, म्हणजे जरा खरखरीत पॉलिशने, निघाला आणि खालून खरा लाल वर आला. क्लिअर कोटची सालं निघत असतील, तर मात्र पॉलिशवर घाम गाळू नका. तिथे नवा रंगच मारावा लागतो. कडांवर रंग पातळ असतो, तिथे चिकटपट्टी लावूनच पॉलिशचं मशीन फिरवा.

खरी कसोटी प्लास्टिकची. हे बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या जातीचं असतं. अतिनील किरणांनी त्याचा पृष्ठभाग तुटत जातो, बारीक भेगा पडतात, त्यांवर उजेड विखुरतो आणि काळं पांढुरकं दिसतं. सिलिकॉनचं ड्रेसिंग, म्हणजे वरून चोळायचं चकाकीचं द्रव, त्या भेगा तेवढ्यापुरत्या भरतं. दोन-चार धुण्यांत गायब, आणि असेपर्यंत धूळ ओढत राहतं. हीट गनने, म्हणजे गरम हवेच्या झोताने, काळेपणा लगेच येतो, पण ऊन खाल्लेलं प्लास्टिक त्याने सुधारत नाही, पुन्हा राखाडी होतं. शिवाय हात जरा रेंगाळला की दाणेदार पोत सपाट झालाच.

म्हणून सिरॅमिक ट्रिम कोटिंग, म्हणजे प्लास्टिकवर लावल्यावर मुरून कडक होणारा पातळ थर. बाटली उघडण्याआधीचं कामच मोठं: ब्रश आणि क्लीनरने दाण्यांत बसलेलं जुनं मेण काढणं, पूर्ण वाळवणं, मग उरलेला तेलकटपणा काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात. कोटिंग पातळच लावायचं, जास्तीचं लगेच टिपायचं, नाहीतर चट्टे दिसतात. नंतर ते मुरेपर्यंत पाणी लागू द्यायचं नाही. हे सगळं सावलीत.

आज दारांखालच्या पट्ट्या जवळपास पहिल्यासारख्या काळ्या आहेत, तेलकट चकाकीशिवाय, आणि चिखल साध्या पाण्याने सुटतो. बंपरची वरची कड किंचित उतरली आहे. मागच्या चाकांच्या कमानींवर खडी आपटते, तिथे कोटिंग उडालं. झुडपांनी ओढलेल्या रेघाही तशाच दिसतात. ओरखड्यापासून वाचवण्याइतका हा थर जाड नसतोच, जाहिरात काहीही म्हणो. उडालेल्या जागी तेवढाच भाग पुसून पुन्हा हात मारला, जोड दिसत नाही. माझ्या लेखी हा सगळ्यात मोठा गुण.

हेडलाइट ओल्या पॉलिश पेपरने, २००० आणि मग ३००० नंबरने, घासून स्वच्छ झाले. पण घासताना कंपनीचा संरक्षक थरही जातो, त्यामुळे वरून यूव्ही, म्हणजे अतिनील किरण अडवणारं, कोटिंग हवंच. एका बाजूला ते जरा कमी बसलं असावं, तिथे आत्ताच धूसरपणा धरायला लागलाय.

प्लास्टिकसाठी हेच पुन्हा घेईन. बोनेटला मात्र अधूनमधून मेण लावावं लागतंय. क्लिअर कोट नसलेला लाल रंग नुसत्या पॉलिशवर टिकत नाही.