मागे क्लायंट बसलेला असताना: रिझॉल्व्ह की प्रीमिअर?

एकट्याने व्हिडिओ एडिट करताना कुठलंही सॉफ्टवेअर चालतं. अडलं तर चहाला उठता येतं. पण मागे सोफ्यावर जाहिरात एजन्सीचे चौघं आणि ब्रँडवाल्या मॅडम बसलेल्या असल्या, की "एक मिनिट हं" दुसऱ्यांदा म्हणावं लागताच सगळ्यांचे मोबाइल बाहेर येतात. मोबाइलमधून वर आलेलं डोकं नवीन करेक्शन घेऊनच येतं. त्यामुळे मी एवढंच बघतो: त्यांनी सांगितलं आणि पडद्यावर दिसलं, यात किती वेळ गेला.

छोटा स्टुडिओ आणि जाहिरातीचं काम धरलं तर खरा सामना दा विंची रिझॉल्व्ह आणि प्रीमिअर प्रो या दोन एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येच आहे.

रंगावरून चर्चा होणार असेल तर रिझॉल्व्ह घ्या. दा विंची ही मुळात ग्रेडिंगची, म्हणजे चित्राचे रंग घडवण्याची, यंत्रणा बनवणारी कंपनी. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिकने ती कंपनी घेतली, एडिटिंग आणि साउंड नंतर आले. "कालचा स्किन टोन बरा होता," असं कुणी म्हटलं की गॅलरीत जपून ठेवलेली कालची स्टिल (ग्रेड केलेली फ्रेम) काढायची आणि आजच्या फ्रेमवर अर्ध्यात वाइप करून, म्हणजे अर्धी काल अर्धी आज अशी, दाखवायची. (निम्म्या वेळा दोन्ही बाजू सारख्याच निघतात. हसायचं नाही, पुढे जायचं.) शिवाय एकाच शॉटचे वेगवेगळे ग्रेड व्हर्जन म्हणून ठेवता येतात.

पण शेवटच्या तासातली भांडणं बहुतेक अक्षरांवरून होतात: सुपर (चित्रावर येणारा मजकूर), किंमत, डिस्क्लेमर. तिथे प्रीमिअर सुटसुटीत पडतं. आफ्टर इफेक्ट्स या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधलं ग्राफिक डायनॅमिक लिंक या थेट जोडणीने जोडलेलं असेल तर तिकडे बदललेला शब्द पुन्हा एक्सपोर्ट न करता टाइमलाइनवर दिसतो. मराठी सुपर टाकणाऱ्यांनी मात्र प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' टेक्स्ट इंजिन आधीच निवडून ठेवावं, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. रिझॉल्व्हमध्येही तुमचा फाँट घेऊन 'क्ष', 'र्‍या', 'त्त्व' आदल्या दिवशी टाइप करून बघा.

आता हँग होण्याचं. एकदा भरल्या खोलीत माझं मशीन गोठलं. कुठल्या सॉफ्टवेअरवर, ते राहू दे. ऑटोसेव्ह बारा मिनिटांपूर्वीचा होता. ती बारा मिनिटं सहा जणांच्या नजरेखाली पुन्हा केली, आणि अर्थातच "मघाशी वेगळं होतं" हेही ऐकलं. रिझॉल्व्हमधलं लाइव्ह सेव्ह प्रत्येक बदल लगेच जतन करतं. प्रीमिअर ठरावीक मिनिटांनी करतं, ती मिनिटं कमी करून ठेवा.

पैशांचं गणित: रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहेच, स्टुडिओ आवृत्ती एकदाच २९५ डॉलर. प्रीमिअरचं भाडं भरत राहावं लागतं. पण रिझॉल्व्हमधून क्लायंटच्या मॉनिटरला भरवशाचा सिग्नल द्यायचा तर डेकलिंक कार्ड किंवा अल्ट्रास्टुडिओ बॉक्ससारखं ब्लॅकमॅजिकचंच हार्डवेअर लागतं, तो खर्च धरा. प्रीमिअर दुसऱ्या साध्या डिस्प्लेवरही चित्र पाठवतं. मात्र त्यावर रंग मंजूर करून घेऊ नका.

मालिका किंवा सिनेमा असेल, दोन-तीन खोल्यांत एकाच मटेरियलवर काम चालणार असेल, तर अॅव्हिड मीडिया कंपोझर अजून भक्कम आहे. एकाने उघडलेला बिन (क्लिप ठेवायचा फोल्डर) दुसऱ्यासाठी लॉक होतो, त्यामुळे कुणी कुणाचं काम पुसत नाही. फायनल कट प्रो चपळ, पण फक्त मॅकवर. २०११ मध्ये त्याची नवी आवृत्ती जुने प्रोजेक्ट उघडेना, मल्टिकॅमही (अनेक कॅमेऱ्यांचं एकत्र एडिटिंग) नव्हतं, तेव्हा अनेक स्टुडिओंनी पाठ फिरवली. उणिवा पुढे भरल्या, गिऱ्हाईक सगळं परतलं नाही. फ्लेम हे महागडं फिनिशिंग सॉफ्टवेअर तर क्लायंटसमोरच्या अशा बैठकांसाठीच घडलेलं, पण ते चालवणारा कलाकार मिळत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

"प्रीमिअरमध्ये कट, रिझॉल्व्हमध्ये ग्रेड, दोन्ही वापरू," हे कागदावर छान दिसतं. क्लायंट समोर नसेल तर मीही तेच करतो. पण ग्रेडच्या वेळी कुणी "हा शॉट जरा लांबवा" म्हटलं की एक्सएमएलची (एडिट एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणाऱ्या फाइलची) ये-जा सुरू होते, स्पीड रॅम्प (शॉटच्या वेगातले चढउतार) बिघडून येतात आणि सोफ्यावर मोबाइल निघतात. म्हणून बैठकीच्या दिवशी माझ्याकडे सगळं रिझॉल्व्हमध्येच असतं, सुपरसकट.