दहावी बीजगणिताचं शाब्दिक उदाहरणांचं वर्कबुक, घ्यावं का?

मुलीसाठी अप्पा बळवंत चौकातून घेतलं, नाव देत नाही कारण एक तक्रारपण आहे. पुस्तक मात्र मस्तय. तेच ते आगगाडी आणि बोगदा नाहीये, रोजची गणितं आहेत, म्हणजे ३ वडापाव आणि २ चहा ८० रुपये, २ वडापाव आणि ३ चहा ७० रुपये, तर एकेकाची किंमत काय, आणि इथे गुणाकार करत न बसता दोन्ही समीकरणांची सरळ बेरीज करा, ५ ने भागा, वडापाव x आणि चहा y धरला की x + y = ३० आलं, वजाबाकी केली की x − y = १०, झालं, वडापाव २० आणि चहा १०. सहगुणकांची (x, y च्या आधीच्या आकड्यांची) अदलाबदल दिसली की हीच युक्ती, बोर्डात खूप वेळ वाचतो.

संभाव्यता तर अजून भारी. दोन फाशांची बेरीज २ ते १२ म्हणजे ११ शक्यता, मग ७ यायची संभाव्यता १/११ असं पोरं बिनधास्त लिहितात (मोठी माणसंपण), पण इथे ३६ जोड्यांचा अख्खा तक्ता मांडलाय, ७ सहा वेळा येतं म्हणून १/६ आणि १२ एकदाच, १/३६.

आता तक्रार. उत्तरसूचीत दोन नाण्यांवर किमान एक छापा याचं उत्तर १/२ छापलंय, बरोबर ३/४ आहे, आणि लेक तासभर आपलंच चुकलं म्हणून खोडत बसली. शिवाय कागद इतका पातळ की पेन मागे उमटतं. ज्यांना समीकरण सोडवता येतं पण मांडताच येत नाही त्यांनी घ्या, उत्तरं तेवढी पडताळून बघा.