ऑफसेट की डिजिटल?

स्वखर्चाने कवितासंग्रह काढताय आणि शंभरेक प्रतीच हव्यात? मग डिजिटल छपाई घ्या. ऑफसेटला लागते तशी प्लेट, म्हणजे मजकूर उमटवलेला धातूचा पत्रा, इथे नसते, त्यामुळे तिचा खर्च नाही, आणि राहिलेली वेलांटी पुढच्या पन्नास प्रतींत दुरुस्त करता येते. ऑफसेटला प्लेट चढली की चूक सगळ्या प्रतींत जाते. हजाराच्या घरात मात्र ऑफसेटच स्वस्त, कारण प्लेटचा खर्च प्रतींवर वाटला जातो. शाईही कागदात मुरते, डिजिटलमधल्या टोनरच्या पुडीसारखी वर चकाकत नाही. मला तेच पान आवडतं. ऑफसेटला पानं सोळाच्या फॉर्मात (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेल्या सोळा पानांच्या गटात) बसवा, नाहीतर कोरी उरतात. (हजार प्रती ठेवणार कुठे, हे घरच्यांना आधी विचारा.) आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, याबाबत दोन्हीकडे फरक नाही, भारतात तो मोफत. श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात) आणला असेल तर जोडाक्षरं मात्र स्वतः तपासा.