गॉडझिला: २०१४चा बघू की २०१९चा?

गॉडझिला या महाकाय राक्षसाचे हे दोन हॉलिवूड पिक्चर बघितलेल्या चार लोकांना एकत्र बसवा, भांडण ठरलेलं. समीक्षकांचं विचाराल तर निकाल कधीच लागलाय, दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्सच्या २०१४वाल्याला बऱ्यापैकी मार्क आणि मायकल डॉहर्टीच्या २०१९च्या 'किंग ऑफ द मॉन्स्टर्स'ची चांगलीच धुलाई. धंद्याचंही तेच, पहिल्याने जगभरात ५० कोटी डॉलरच्या वर कमावले आणि दुसरा ४० कोटींपर्यंतही पोचला नाही. मी दोन्ही इथे इंदूरलाच थिएटरात बघितले, नंतर घरी टीव्हीवर बरेचदा, तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

२०१४वाल्याची सुरुवात जबरदस्त आहे, यात वादच नाही. जपानमधलं जांजिरा अणुकेंद्र (नाव ऐकून आपल्याला मुरुडचा किल्ला आठवतो ती गोष्ट वेगळी), तिथला अपघात, बायकोला डोळ्यांदेखत गमावणारा ब्रायन क्रॅन्स्टन. राक्षसांच्या पिक्चरमध्ये असा अभिनय कुठे बघायला मिळतो? पण त्याला लवकरच मारून टाकलंय आणि उरलेला पिक्चर त्याच्या मुलाच्या खांद्यावर, आणि तो बिचारा पूर्णवेळ एकच चेहरा करून फिरतो.

तरी एवढ्यावर मी काही बोललो नसतो. माझं डोकं फिरलं ते होनोलुलूच्या एअरपोर्टवर. तुम्ही जवळजवळ तासभर थांबलाय, गॉडझिलाचा पाय दिसला, मग हळूहळू कॅमेरा वर, मग ती डरकाळी, अख्खं थिएटर खुर्चीच्या टोकावर, समोर एक दुसरा राक्षस, आता जुंपणार... आणि कट! एका घरात लहान मुलगा टीव्हीवर बातम्या बघतोय आणि मारामारी त्या टीव्हीच्या चौकोनात. शेजारी भाचा बसला होता, म्हणाला, "मामा, टीव्हीतच बघायचं होतं तर तिकीट कशाला काढलं?" मला उत्तर सुचलं नाही. बरं एकदा केलं तर ठीक, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत दोघे परत भिडतात तर शेल्टरचं दार तोंडावर बंद होतं. याला ताणून धरणं म्हणतात, उत्कंठा म्हणतात, म्हणत असतील, मला तर ताटावर बसवून ताट उचलून नेल्यासारखं वाटलं. शेवटी गॉडझिला निळी आग ओकतो तेव्हा शिट्ट्या पडल्या हे मात्र खरं, आणि सैनिक लाल धूर सोडत ढगांतून उड्या मारतात तो सीनही फार देखणा आहे.

आता २०१९चा. दोष काय सांगू, ढीगभर आहेत. पिक्चरमधली एक आई शास्त्रज्ञ, ती पृथ्वी वाचवायची म्हणून राक्षस मोकळे सोडते, हे लॉजिक मला अजून पटलेलं नाही. माणसं फार आणि ऐन संकटात फालतू जोक मारतात. वरून सतत पाऊस, बर्फ, वादळ, त्यामुळे दुपारी पडदे न लावता घरी लावलात तर निम्म्या वेळ काळा टीव्ही बघाल.

पण दाखवायचं ते दाखवतो ना! ज्वालामुखीतून निघून विमानांच्या मागे लागणारा उडता राक्षस रोडान बघा. गॉडझिलाचा शत्रू घिडोरा, त्याची तीन डोकी बघा, तिघांचा स्वभाव वेगळा (तिन्हींचं मोशन कॅप्चर, म्हणजे ज्यांच्या हालचाली टिपून डोकी हलवली ते काम, तीन वेगवेगळ्या लोकांनी केलंय), मधलं डोकं बाजूच्याला दटावतं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. आणि म्युझिक! आकिरा इफुकुबेने १९५४च्या मूळ जपानी पिक्चरला दिलेली धून बेअर मॅक्रिअरीने ढोलताशांसकट परत आणलीये, २०१४मध्ये तिचा पत्ता नव्हता. त्या १९५४च्या पिक्चरमध्ये डॉ. सेरिझावा गॉडझिलाला मारण्यासाठी समुद्राच्या तळाशी जीव देतो, इथला सेरिझावा (केन वातानाबे) त्याला जगवण्यासाठी तेच करतो. एवढा विचार केलेल्या पिक्चरला नुसता गोंगाट म्हणणं मला जरा अन्याय वाटतो, बाकी ज्याची त्याची आवड.

२०१९चा पिक्चर सुटल्यावर सराफ्यात (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) भुट्ट्याचा कीस खाताना मित्र लोक कथेच्या चिंधड्या उडवत होते आणि कुणालाच घरी जायचं नव्हतं. २०१४च्या वेळी "छान होता" म्हणून सगळे गाडीला किक मारून निघाले होते.

तेव्हा एकट्याने, शांतपणे, फोटोग्राफी बघत बसायचं असेल तर २०१४ वाईट नाही, खरंच नाही. घरात पोरंटोरं जमली असतील किंवा मित्र येणार असतील तर मी तरी २०१९चा लावेन, रात्रीच, दिवे बंद करून, स्पीकर जोडून, शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा. आणि शेवटी नावं सुरू झाली की उठू नका, घिडोराच्या एका डोक्याचा छोटा सीन बाकी असतो.